ऋण ‘धनाग्र’ : विद्युत्-रासायनिक मापनाच्या अध्यापनातील एका संज्ञेची चिकित्सा

पदवी अभ्यासक्रमातील रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत डॅनियल घटाची विद्युत्-चालक प्रेरणा मोजण्याचा प्रयोग अगदी प्राथमिक समजला जातो. जस्ताची पट्टी जस्त सल्फेटच्या द्रावणात बुडवावयाची, तांब्याची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात. दोहोंच्या मध्ये क्षारसेतू ठेवावयाचा आणि दोन पट्ट्यांपासून निघालेल्या तारा पोटेंशिओमीटरला जोडावयाच्या. दोन्ही द्रावणे सारख्या तीव्रतेची असल्यास उत्तर १.१० व्होल्टच्या आसपास यावयास हवे. कोणती तार कोठे जोडावयाची एवढे मात्र आधी ठरवावे लागते. लांब तारेच्या जुन्या पोटेंशिओमीटरवर ही जोडणी उलट झाली, तर जॉकी तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविली तरी गॅल्व्हानोमीटरचा काटा एकाच बाजूस झुकलेला राहतो. शून्यबिंदू सापडतच नाही.

मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला विद्यार्थी ही जोडणी कोणत्या तर्काने ठरवील ते पाहावे. ह्या घटात जस्ताचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून जस्त हा ॲनोड, असे त्याने व्याख्यानात ऐकलेले असते. ॲनोड म्हणजे धनाग्र हे समीकरण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकापासून त्याच्या मनात पक्के असते. धनाग्र म्हणजे धन असे अग्र. सबब जस्ताची तार धन टोकास जोडावयाची. ह्या तर्कातील पहिली पायरी रसायनशास्त्राने दिली, दुसरी परिभाषेने, तिसरी व्याकरणाने. विद्यार्थ्याने पदरचे काहीही घातलेले नाही. आणि तरीही निष्कर्ष असत्य आहे, कारण डॅनियल घटात जस्ताची पट्टी ऋण असते. दोष दुसऱ्या पायरीत आहे.

आजच्या अंकदर्शक यंत्राने हा दोष दूर केला नाही, तो झाकला. पूर्वी जोडणी चुकली की प्रयोग अडत असे, आणि अडलेला प्रयोग विद्यार्थ्यास शिक्षकाकडे घेऊन जात असे. आता पडद्यावर १.०९ च्या मागे एक बारीक वजाचिन्ह उमटते. ते चिन्ह वगळून आकडा वहीत उतरविला की परिमाण बरोबर असल्यामुळे उत्तर तपासणीत खपून जाते. ज्या घटात कोणते टोक धन हे आधी ठाऊक नसते आणि तेच शोधून काढावयाचे असते, तेथे मात्र ही सवय उघडी पडते.

शाळेत ‘धनाग्र’ ही संज्ञा खोटी ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे शिकविले जाते ते मुख्यतः विद्युत् अपघटन. बाहेरच्या विद्युत् घटाच्या धन टोकास जोडलेली पट्टी ती धनाग्र, ऋण टोकास जोडलेली ती ऋणाग्र. पाण्याचे अपघटन घ्या, मोरचुदाच्या द्रावणाचे घ्या, नाव आणि चिन्ह ह्यांचा मेळ बसतो. जळगावच्या सराफ बाजाराभोवती दागिन्यांना सोन्याचे पाणी चढविणारा कारागीरही दागिना ऋण टोकासच बांधतो. परंतु अपघटनात वीज बाहेरून येते, तर डॅनियल घटात ती घटातच निर्माण होते. दोन्हीकडे ॲनोड म्हणजे ऑक्सिडीकरणाची जागा. चिन्ह मात्र पालटते. अपघटन-पात्रात ॲनोड धन असतो, विद्युत् घटात ऋण. म्हणजे ‘ॲनोड’ हे कार्याचे नाव आहे, ‘धन’ हे स्थितीचे. कार्याच्या नावास स्थितीचे विशेषण कायमचे जडवून टाकणे, हा ‘धनाग्र’ ह्या शब्दाच्या घडणीतील मूळ प्रमाद होय.

ज्यांनी मूळ संज्ञा घडविल्या त्यांनी हाच प्रमाद टाळण्यासाठी किती खटपट केली होती, हे पाहिले म्हणजे मराठी शब्दाची उणीव अधिक स्पष्ट होते. १८३४ साली मायकेल फॅरडे आपल्या विद्युत्-विषयक संशोधनाची सातवी लेखमाला सिद्ध करीत होता. त्या काळी रूढ असलेला ‘पोल’, म्हणजे ध्रुव, हा शब्द त्यास नको होता. ध्रुव म्हटले की आकर्षण आले. आणि द्रावणातील कण पट्टीच्या आकर्षणाने ओढले जातात, हे मत तर त्यास अमान्य होते. नावाने सिद्धान्त गृहीत धरू नये, हा त्याचा आग्रह. प्रवाह आत शिरण्याची वाट आणि बाहेर पडण्याची वाट अशा अर्थाचे ग्रीक शब्द त्याने प्रथम योजून पाहिले. परंतु प्रवाहाच्या दिशेविषयीची समजूत उद्या पालटली तर ही नावेही खोटी पडतील, अशी शंका त्यास आली. अखेर केंब्रिजच्या विल्यम ह्युएलशी पत्रव्यवहार करून त्याने ‘ॲनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द स्वीकारले. ग्रीकमध्ये त्यांचा अर्थ वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कारण म्हणून कल्पिलेल्या पूर्व-पश्चिम प्रवाहाशी अपघटन-पात्र समांतर ठेवले आहे असे मानले, तर एक पट्टी सूर्य उगवतो त्या बाजूस येते, दुसरी मावळतो त्या बाजूस. त्यावरून ही नावे. कोणी त्या वेळी मराठीत भाषांतर करावयास बसले असते तर ‘उगवते अग्र’ आणि ‘मावळते अग्र’ असे काहीतरी झाले असते, आणि ते शब्द आजच्या शब्दांहून खासच बरे ठरले असते. पुढे १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला. तारेत वाहतात ते ऋण कण, आणि तेही प्रवाहाच्या रूढ दिशेच्या उलट, हे कळून आले; तरी ह्या दोन नावांस धक्का लागला नाही. त्यांनी चिन्हाविषयी कोणतेही विधान केलेलेच नव्हते.

फॅरडेने दाराबाहेर काढलेले आकर्षण मराठी संज्ञेने पुन्हा घरात घेतले आहे. ‘धनायन ऋणाग्राकडे जातो’ हे वाक्य विद्यार्थ्यास पाठ असते, आणि त्याचे कारणही ते वाक्यच सांगून टाकते: विजातीय भार परस्परांस आकर्षितात. डॅनियल घटात तांब्याचे धनायन तांब्याच्या पट्टीकडे जातात, आणि ती पट्टी धन असते. येथे विद्यार्थ्यापुढे दोनच मार्ग उरतात. तांब्याची पट्टी ऋण आहे असे तरी मानावयाचे, नाही तर रसायनशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे अशी मनाशी गाठ बांधावयाची. दुसरा मार्ग पत्करणारे थोडे नसावेत.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता ‘धनाग्र’ हा कर्मधारय समास आहे. कर्मधारयातील पूर्वपद उत्तरपदाविषयी विधान करते: नीलकमल म्हणजे निळे असे कमळ. म्हणून ‘जस्ताचे धनाग्र ऋण असते’ हे वाक्य ‘हे निळे कमळ पांढरे आहे’ ह्या जातीचे होते; तो सरळ सरळ वदतो व्याघात आहे. ‘जस्ताचा ॲनोड ऋण असतो’ ह्या वाक्यात तसा व्याघात नाही. ते वाक्य नवे ज्ञान देते. पहिले वाक्य असलेले ज्ञान मोडते.

ह्यावर एक भारदस्त आक्षेप संभवतो. शब्दाची रूढी त्याच्या व्युत्पत्तीहून बलवान असते, हे भारतीय शब्दविचारास पूर्वापार मान्य आहे. तेल हा शब्द तिळापासून निघाला. म्हणून खानदेशातील शेंगदाण्याच्या तेलास कोणी नाव ठेवीत नाही. शाई म्हणजे मुळात काळी. तरी लाल शाईने उत्तरपत्रिका तपासल्या जातात. मग ‘धनाग्र’ हाही शब्द वापराने रूढ होऊन त्यातील ‘धन’ विसरले जाणार नाही काय? राजवाड्यांनी अखेरची वर्षे जेथे काढली आणि जेथे १९२६ साली देह ठेवला, त्या धुळ्यात व्युत्पत्तीचा अभिमान जरा अधिकच असावयाचा. परंतु व्युत्पत्ती कोठे जागी असते आणि कोठे झोपलेली, हा भेद त्या अभिमानातही करावाच लागतो. ‘तेल’ शब्दात आज तीळ दिसत नाही आणि ‘शाई’त काळेपणा ऐकू येत नाही. रूढीने योगावर मात केली ती योग दिसेनासा झाल्यावर. ‘धन’ हा शब्द तसा विझलेला नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण ह्या शब्दांनी संख्यांचे नियम सांगितले तेव्हापासून तो गणितात अखंड जिवंत आहे, आणि ज्या टेबलावर विद्यार्थी ‘धनाग्र’ हा शब्द वापरतो त्याच टेबलावरील यंत्रावर अधिकाचे चिन्ह कोरलेले असते. ज्या शब्दाचा घटक शेजारीच आपल्या मूळ अर्थाने वावरत आहे, तो शब्द रूढ होऊन अपारदर्शक बनेल ही आशा व्यर्थ होय.

‘क्षपण’ ह्या संज्ञेचे उदाहरण ह्याच्या उलट बाजूने उद्बोधक आहे. ऑक्सिडीकरणाच्या विरुद्ध क्रियेस योजलेला हा शब्द कोणत्याही विद्यार्थ्यास ऐकताक्षणी कळत नाही. संस्कृतात तो नाशाच्या अर्थाने येतो, आणि ‘क्षपणक’ म्हणजे जैन भिक्षू. पण वर्गात ह्यांपैकी कशाचीही कोणास आठवण होत नाही. शिक्षक जी व्याख्या सांगेल तीच त्या शब्दाचा अर्थ. म्हणूनच त्याने आजवर कोणाची दिशाभूल केलेली नाही. तेव्हा येथील विवाद संस्कृतोद्भव शब्द विरुद्ध इंग्रजी शब्द असा नाही. अर्थ न सांगणारा शब्द चालतो. खोटा अर्थ सांगणारा चालत नाही.

‘आयन’ ह्या शब्दाची कथा तर अधिकच रंजक आहे. ग्रीकमधील ‘जाणारा’ ह्या अर्थाचा तो शब्द मराठीने उच्चारानुसार घेतला, आणि तो उत्तरायण-दक्षिणायनातील ‘अयन’ ह्या शब्दाच्या शेजारी अलगद येऊन बसला. दोहोंच्या मुळाशी ‘जाणे’ ह्या अर्थाचा एकच प्राचीन धातू आहे. धनायन आणि ऋणायन ह्या संज्ञाही निर्दोष आहेत; आयनाचा भार घट पालटल्याने पालटत नाही, म्हणून तेथे ‘धन’ हे विशेषण सर्वकाळ सत्य असते. इंग्रजी संज्ञा आयनांना त्यांच्या प्रवासाच्या दिशेवरून नाव देतात, मराठी त्यांच्या भारावरून. आणि येथे मराठीची सोय सरस आहे. परंतु धनायन-ऋणायन ह्या चांगल्या जोडीच्या अनुकरणानेच धनाग्र-ऋणाग्र ही जोडी अधिक विश्वासार्ह वाटू लागते, ही त्यातली गोम.

गोंधळ केवळ मराठी विद्यार्थ्यांचा नाही, हेही नमूद करावयास हवे. ऑस्ट्रेलियातील शालेय विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन गार्नेट आणि ट्रेगस्ट ह्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्युत् घटातील ॲनोड इलेक्ट्रॉन गमावतो म्हणून तो धन असतो, ही समजूत नोंदविलेली आहे. इंग्रजी संज्ञांनी शिकणारेही चुकतात, त्या अर्थी सारा दोष संज्ञेच्या माथी मारता येणार नाही. तथापि फरक आहे तो असा: इंग्रजीत शिकणारा चुकतो तेव्हा ते त्याचे स्वतःचे अनुमान असते, आणि शिक्षक ते खोडून काढू शकतो. मराठीत शिकणाऱ्याच्या चुकीवर पाठ्यपुस्तकाची मोहोर असते. शिक्षकास प्रथम शब्दाशी भांडावे लागते आणि मग समजुतीशी.

हे सारे प्रत्यक्षात किती अडते, ते क्विनहायड्रोन अग्राच्या प्रयोगात पाहावयास मिळते. आम्ल-आम्लारी अनुमापनाचा हा जुना प्रयोग: आम्लाच्या द्रावणात चिमूटभर क्विनहायड्रोन टाकावयाचे, प्लॅटिनमची तार बुडवावयाची, दुसऱ्या बाजूस संपृक्त कॅलोमेल अग्र, आणि ब्युरेटमधून अल्कली सोडत व्होल्ट मोजावयाचे. २५ अंश तपमानास क्विनहायड्रोनचे प्रमाण विभव ०.६९९ व्होल्ट असते आणि पीएच एकाने वाढला की ते ०.०५९ ने उतरते. कॅलोमेल ०.२४२ च्या आसपास स्थिर. म्हणजे पीएच ३ असताना प्लॅटिनमची तार सुमारे ०.२८ व्होल्टने धन असते, पीएच ७.७ च्या सुमारास अंतर शून्य होते. त्यापुढे तीच तार ऋण होते. अल्कली द्रावणात हे अग्र भरवशाचे राहत नाही, परंतु तुल्यबिंदू ओलांडताना चिन्ह पालटलेले स्पष्ट दिसते, आणि जुन्या यंत्रावर तेथे तारांची अदलाबदल करावी लागते. तार तीच, पात्र तेच, काही थेंबांचे अंतर. ‘धन’ हा शब्द अग्राच्या नावातच गोवून बसलेल्या विद्यार्थ्यास ह्या घटनेचा अर्थ कसा लागावा? त्यातच, शून्यबिंदूवर मापन होते तेव्हा घटातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. त्या क्षणी ऑक्सिडीकरण कोठे आणि क्षपण कोठे, हा प्रश्न केवळ ‘प्रवाह वाहू दिला तर’ अशा स्वरूपाचा उरतो. मोजलेली वस्तुस्थिती एकच असते: कोणते टोक धन आणि किती व्होल्टने. विभवमापनात चिन्ह हेच मापन आहे. तेच नावाने आधी जाहीर करून टाकले, तर मोजावयाचे काय?

प्रयोगशाळेतील बोली भाषेने ह्या अडचणीतून आपला मार्ग केव्हाच काढला आहे. जळगाव, अमळनेर, धुळे येथील प्रयोगशाळांत व्याख्यानाची इंग्रजी आणि पुस्तकी मराठी ह्यांखेरीज एक तिसरी भाषा चालते: ‘रीडिंग घ्या’, ‘सेल धुवा’, ‘तार प्लसला लावा’. ह्या भाषेत टोकांना प्लस आणि मायनस म्हणतात. ॲनोड-कॅथोड हे शब्द अभिक्रिया समजावताना येतात. चिन्हाचे शब्द वेगळे, कार्याचे वेगळे. धुळ्याकडील आणि पश्चिम जळगावातील विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, यावल-रावेरकडील लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याचा एखादी भिली बोली. प्रमाण मराठी ही त्यास शाळेत भेटलेली भाषा आणि इंग्रजी ही अकरावीनंतर भेटलेली. इतक्या थरांतून येणाऱ्या विद्यार्थ्याने टेबलाजवळ जो भेद सहज पाळला, तो परिभाषाकारांनी पाळला नाही, ह्याचे कारण त्यांनी शब्दकोश चाळले, प्रयोगशाळेतील बोलणे ऐकले नाही, असेच म्हणावे लागते.

भाषांतरित शब्द कधी नकळत एखादे हवामानही बरोबर आणतो. प्रात्यक्षिकांच्या पुस्तकांत ‘कक्ष तापमान’ म्हणून २५ अंश गृहीत धरलेले असतात. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेथील कक्षाचे तापमान २५ हे फारतर हिवाळ्यातले सत्य. ४० अंशांस वर दिलेला ०.०५९ हा आकडा ०.०६२ होतो. फरक क्षुल्लक दिसतो. परंतु काचेच्या अग्राने पीएच ७ पासून ४ पर्यंतचे अंतर मोजताना तापमानाची खुंटी २५ वरच ठेवली, तर सुमारे ०.१५ ची चूक पडते. वाहकतेची गोष्ट ह्याहून वाईट, कारण ती दर अंशास सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. ही चूक वहीतच राहत नाही. रसायनशास्त्राचे पदवीधर माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांतही जातात, आणि रावेर-यावलचा केळी उत्पादक त्यांनी काढलेल्या पीएच आणि ‘ईसी’च्या आकड्यांवरून खताचा हिशेब करतो.

प्रश्न आज निकडीचा झाला आहे तो एका वेगळ्याच कारणाने. खानदेशातील महाविद्यालये १९९० पर्यंत पुणे विद्यापीठास जोडलेली होती. त्या वर्षी जळगावास स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव मिळाले. ह्या साऱ्या काळात पदवीचे रसायनशास्त्र इंग्रजी पुस्तकांतून शिकविले गेल्यामुळे ‘धनाग्र’ शाळेच्या उंबरठ्याच्या आतच राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील उच्च शिक्षणास उत्तेजन दिले. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी विद्यार्थ्यांस स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठांस सुचविले. पदवीस्तरावरील मराठी पाठ्यपुस्तके ह्यापुढे लिहिली जातील. त्यांचे लेखक संज्ञांसाठी स्वाभाविकपणेच भाषा संचालनालयाचे कोश, मराठी विश्वकोश आणि शालेय पुस्तके ह्यांकडे वळतील. तेथे एकवाक्यता नाही हे एक. विश्वकोशात ‘विद्युत् विच्छेदन’, तर शाळेत ‘विद्युत अपघटन’. परंतु असा दुहेरी वापर त्रासदायक असला तरी घातक नाही, दोन्ही शब्द खरेच बोलतात. ‘धनाग्र’ मात्र एकदा पदवीच्या पुस्तकात शिरले, की विभवमापन, संक्षारण आणि संचायक घट ही तिन्ही प्रकरणे त्याच्या विरुद्ध लिहावी लागतील. संक्षारणाच्या प्रकरणात लोखंडी नळीच्या रक्षणासाठी जोडलेला जस्ताचा ठोकळा ‘धनाग्र’ म्हणून येईल आणि पुढच्याच ओळीत तो ऋण असल्याचे सांगावे लागेल. ट्रॅक्टरच्या बॅटरीतील लेड डायऑक्साइडची पट्टी विसर्जनात कॅथोड असते आणि प्रभारणात ॲनोड, परंतु तिच्या टोकावरील अधिकाचे चिन्ह दोन्ही वेळा अढळ राहते. शेतकऱ्याच्या मुलास हे चिन्ह पुस्तकाआधी ठाऊक असते.

उपाय शोधण्यासाठी नवे शब्द घडविण्याचे कारण नाही. ‘ऑक्सिडीकरणाग्र’ हा शब्द अचूक असला तरी उच्चारणाऱ्याची दमछाक करणारा आहे. ‘ॲनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द जसेच्या तसे ठेवून ते केवळ अभिक्रियेच्या जागेसाठी वापरावेत; धन आणि ऋण ही विशेषणे ‘टोक’ ह्या घरगुती शब्दास जोडून ती केवळ मोजलेल्या चिन्हासाठी राखावीत. ‘अग्र’ हा शब्द इलेक्ट्रोडसाठी एकटा चांगला आहे: कॅलोमेल अग्र, काचेचे अग्र. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘जस्त : ॲनोड, ऋण टोक, तांबे : कॅथोड, धन टोक’ अशी नोंद विद्यार्थ्याकडून करवून घेतली, आणि त्यातील दुसरा भाग यंत्र वाचल्याखेरीज लिहावयाचा नाही असा दंडक ठेवला, तर वजाचिन्ह गाळण्याची सोय राहत नाही. शालेय पुस्तके सुधारेपर्यंत प्रथम वर्षाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात शिक्षकाने ‘धनाग्र’ हा शब्द फळ्यावर लिहून, तो कोणत्या पात्रात खरा आहे आणि कोणत्या पात्रात खोटा, हे दोन्ही पात्रे मांडून दाखवावे. त्यास पाऊण तास पुरतो.